मोर्तब सुद : मराठी दप्तरातील समाप्तीचे शब्द आणि इंग्रजी अंमल

‘उमेदवारीवर शिक्कामोर्तब’, ‘युतीवर शिक्कामोर्तब’ असे मथळे मराठी वृत्तपत्रांत दर आठवड्याला दिसतात. एखादी गोष्ट पक्की झाली, आता तीत बदल नाही, एवढाच अर्थ आपण त्यातून घेतो. पण हा शब्द मुळात दोन वेगळ्या वस्तूंची नावे जोडून झाला आहे. शिक्का म्हणजे पत्राच्या माथ्यावर उमटवलेली मुद्रा आणि मोर्तब म्हणजे पत्राच्या अखेरीस उमटवलेली लहान मुद्रा. शिक्का पत्र कोणाचे ते सांगे, मोर्तब ते कोठे संपले ते सांगे. या पाठात आपण दुसऱ्या वस्तूकडे, म्हणजे शेवटाकडे, पाहणार आहोत. मराठी कागद कसे संपत, ते तसे का संपत आणि इंग्रजी अंमल आल्यावर संपवण्याची ही रीत का बदलली, हा आपला विषय आहे. वरवर पाहता ही शिष्टाचाराची बाब वाटेल. प्रत्यक्षात कित्येक घराण्यांच्या जमिनी कागदाच्या शेवटच्या दोन बोटे जागेवर अवलंबून होत्या.

सुरुवात लिपीपासून करू. मराठ्यांचे दप्तर मोडीत चाले. मोडी लिहिताना आधी कागदावर आडवी रेघ मारून घेत आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरे ओढीत. शब्दाशब्दांत जागा सोडण्याची पद्धत नव्हती. पूर्णविराम, स्वल्पविराम यांपैकी काही नव्हते. आज आपण वापरतो ती विरामचिन्हे इंग्रजीच्या नमुन्यावर आली. मेजर थॉमस कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० ची आहे. त्याआधी वाक्य संपले हे क्रियापदावरून ओळखायचे आणि पत्र संपले हे ठरावीक शब्दांवरून. ‘म्हणोन’ आला की दुसऱ्याचे बोलणे संपले, ‘ऐशास’ आला की त्यावरचे उत्तर सुरू झाले, ‘तरी’ आला की आता आज्ञा किंवा मागणी येणार. मोडी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात अक्षरांपेक्षा हेच शब्द जास्त उपयोगी पडतात.

पत्राचा शेवट साधारणपणे असा असे. मजकूर पुरा झाला की ‘बहुत काय लिहिणे’ येई. म्हणजे, जास्त काय लिहावे, तुम्ही जाणतेच आहात. बरोबरीच्या किंवा मानाच्या माणसाला त्यापुढे ‘सूज्ञ असा’ किंवा ‘लोभ असो दीजे’ असे जोडीत. त्यानंतरचा शब्द मात्र लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची पायरी पाहून बदले. वडीलधाऱ्यास किंवा समान दर्जाच्या सरदारास ‘हे विनंती’. चाकराकडून धन्यास ‘हे विज्ञापना’. वडिलांकडून धाकट्यास, तसेच ब्राह्मणाकडून इतरांस ‘हे आशीर्वाद’. हुकूम असेल तर ‘जाणिजे’ आणि पुष्कळदा त्याच्या जोडीला ‘आज्ञा प्रमाण’. नावे झाकून फक्त शेवटचे दोन शब्द वाचले तरी कोण कोणाला लिहीत आहे याचा निम्मा उलगडा होतो. काही पत्रांत सगळा मजकूर कारकुनाच्या वळणदार हातचा असतो आणि अखेरचे ‘हे विनंती’ एवढेच खुद्द धन्याच्या अक्षरात असते. आजच्या सहीचे काम त्या दोन शब्दांनी केलेले असते.

याच जागेत मिती येई. ‘छ’ हे अक्षर चंद्रासाठी, त्यापुढे आकडा आणि मुसलमानी चांद्र महिना : छ ७ रबिलाखर, छ १२ रमजान. राजकीय कागदांवर बहुधा सुहूर सनाचे वर्ष अरबी संख्याशब्दांत दिलेले असते. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. पण खाजगी पत्रांत लिहिणारे चंद्र आणि महिना देऊन थांबतात, वर्ष देत नाहीत. पत्र महिन्याभरात पोचणार, वाचणाऱ्याला चालू वर्ष ठाऊकच असणार, मग लिहायचे कशाला? त्या काळी यात काही अडचण नव्हती. वि. का. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, गो. स. सरदेसाई यांच्या पिढ्यांनी मात्र अशा पत्रांची वर्षे आतल्या मजकुरावरून लावण्यात आयुष्याची वर्षे घालवली.

आणि सर्वांत शेवटी मोर्तब. मूळ शब्द अरबी ‘मुरत्तब’, म्हणजे रचलेले, सिद्ध केलेले. फारसी ‘शुद’ म्हणजे झाले. ‘मोर्तब सुद’ म्हणजे कागद सिद्ध झाला, पुरा झाला. काहींच्या शेवटच्या मुद्रेवर हेच दोन शब्द कोरलेले असत. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा दिसते : येथे ही मर्यादा शोभते आहे. पेशव्यांच्या मोर्तबावर ‘लेखनसीमा’ हा शब्द होता. भाषा बदलली तरी अर्थ एकच राहिला : लिहिणे येथपर्यंत, यापुढे कोणी काही लिहिले तर ते आमचे नाही.

फारसीकडून संस्कृतकडे झालेला हा बदल एकटा नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास राजव्यवहारकोश तयार झाला. दप्तरातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या या कोशात ‘लेखनवर्ग’ नावाचा स्वतंत्र भाग आहे. राजवाडे यांनी तीन काळांतली तीन पत्रे घेऊन शब्द मोजले होते. १६२८ च्या पत्रात मराठी शब्द जेमतेम १४ टक्के, १६७७ च्या पत्रात सुमारे ६२ आणि १७२८ च्या पत्रात ९३ च्या पुढे. तीन पत्रांवरून सगळ्या भाषेचा निवाडा करणे धाडसाचे आहे, पण दिशा खरी आहे. तरीही गंमत अशी की मुद्रेवर ‘लेखनसीमा’ आली, पण त्या मुद्रेला दप्तरात मोर्तबच म्हणत राहिले. नवा शब्द कागदावर उमटला आणि जुना जिभेवर टिकला. आजच्या मथळ्यांत आलेला तो हा जुनाच.

हा ‘सुद’ मराठीपुरता नव्हता. फारसी हस्तलिखितांच्या अखेरीस ‘तमाम शुद’, म्हणजे संपले, असे लिहिण्याची रीत सगळ्या हिंदुस्थानात होती. छापखाने आल्यावरही ती लगेच गेली नाही. लखनौमध्ये मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ मध्ये काढलेल्या प्रसिद्ध छापखान्याच्या फारसी-उर्दू पुस्तकांत शेवटी ‘खातिमतुत्तबा’ या मथळ्याखाली छपाई पुरी झाल्याचा मजकूर असे. एडवर्ड फिट्झजेराल्ड यांनी १८५९ मध्ये उमर खय्यामच्या रुबायांचे इंग्रजी रूपांतर छापले तेव्हा त्यांनीही शेवटी ‘तमाम शुद’ हेच शब्द ठेवले. ऑस्ट्रेलियात अॅडलेडजवळच्या किनाऱ्यावर १ डिसेंबर १९४८ रोजी एका अनोळखी माणसाचे प्रेत सापडले. त्याच्या कपड्यांतल्या चोरखिशात त्या पुस्तकातून फाडलेला नेमका हाच शब्दांचा तुकडा होता. पोलिसांना त्याचा अर्थ भाषांतरकाराकडून समजावून घ्यावा लागला. आपल्याकडचा कोणताही जुना कारकून तो सांगू शकला असता.

कुलूप कशासाठी?

मोर्तब मजकुराच्या अगदी लगत, शेवटच्या अक्षराला जवळजवळ चिकटून उमटवीत. मध्ये जागा राहिली तर तेथे कोणी एखादे गाव, एखादा बिघा, एखादे ‘वंशपरंपरेने’ घुसडू शकेल. लांब कागद असेल तर बंदाला बंद डकवून पट्टी करीत आणि प्रत्येक सांध्यावर मागच्या बाजूने मुद्रा उठवीत. मधला बंद काढून दुसरा लावला तर अर्धी मुद्रा जुळणार नाही. वतनाच्या आणि इनामाच्या कागदांवर याशिवाय ‘रुजू’, ‘संमत’ असे अधिकाऱ्यांचे शेरे असत. कागद दप्तरात नोंदल्याची खूण वेगळी असे. एवढी काळजी घेण्याचे कारण उघड आहे. इनामपत्र ही चारपाच पिढ्यांची भाकरी होती.

या कुलपाला एक मर्यादा होती. ते शेवटाचे रक्षण करी, मधल्या अक्षराचे करू शकत नसे. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाशी जोडलेली ‘ध चा मा’ ही आख्यायिका सर्वांना माहीत आहे : ‘धरावे’ चे ‘मारावे’ केले असे लोक सांगतात. ती घडली असो वा नसो, लोकांना ती पटली हे महत्त्वाचे. मोडी कागदात कोठे धोका आहे हे त्यांना चांगले कळत होते.

शेवटाची दुसरी जात हिशेबात आढळते. पत्र संपते, हिशेब आवरतो. रोजच्या जमाखर्चाची रोजकीर्द, तिच्यावरून खात्यांची खतावणी, मग निवडक गोषवाऱ्याची तेरीज आणि वर्षाचा ताळेबंद, असा तो क्रम. तेरीज हा शब्द आता आपल्या वापरातून गेला आहे, पण ‘सारांश’ किंवा ‘गोषवारा’ यांच्यापेक्षा तो नेमका होता. तेरीज म्हणजे मूळ नोंदींवरून काढलेला, मूळ नोंदींशी ताडून पाहता येणारा संक्षेप. आकडा आधी देऊन खाली ‘बितपशील’ लिहीत : एवढी रक्कम, तिचा तपशील असा. इंग्रजीत बेरजेला ‘सम’ म्हणतात, ‘समरी’ हाही त्याच कुळातला शब्द. त्यांचे मूळ लॅटिन ‘सुम्मा’, म्हणजे सर्वांत वरची. रोमन लोक रकान्याची बेरीज वरच्या बाजूला लिहीत, म्हणून वरची ती एकूण. पुण्याचा फडणीस आणि रोमचा हिशेबनीस या एका बाबतीत एकमेकांना समजले असते. ‘समरी’ हा शब्द मात्र लक्षात ठेवावा, तो पुढे वेगळ्या अर्थाने येणार आहे.

इंग्रजी अंमलात

३ जून १८१८ रोजी दुसरे बाजीराव सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाले. ठरावात त्यांना वर्षाला आठ लाख रुपयांची नेमणूक ‘स्वतःच्या व कुटुंबाच्या’ निर्वाहासाठी मिळाली. बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्तास जाऊन राहिले. लखनौहून सरोजिनी नगरावरून जो रस्ता कानपूरकडे जातो, त्याच्या पलीकडच्या टोकाला, गंगेच्या काठी, मराठी दप्तराचा एक तुकडा असा तीस वर्षांहून अधिक काळ नांदत होता. जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव वारले. नेमणूक तेथेच संपते की ‘कुटुंबाच्या’ या शब्दामुळे दत्तक पुत्र नानासाहेबांकडे चालते, असा वाद निघाला. डलहौसीच्या सरकारने ती संपली असे ठरवले. नानासाहेबांचे वकील अजीमुल्ला खान लंडनपर्यंत जाऊन हात हलवत परतले. कराराचे शब्द चालू ठेवणारे होते, निकाल संपवणारा होता, आणि शब्दाचा अर्थ लावण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे होता.

नेमका तोच प्रकार त्याच वेळी खुद्द महाराष्ट्रात हजारो लहान घरांच्या बाबतीत सुरू झाला. मुंबई इलाख्यातली इनामे खरी किती आणि बनावट किती हे तपासण्यासाठी १८५२ चा अकरावा कायदा झाला आणि इनाम कमिशनला सक्तीचे अधिकार मिळाले. इनामदाराने सनद दाखवावी, पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या नोंदींशी ती ताडली जाईल, जुळली तर ठीक, नाहीतर जमिनीवर सारा बसेल. दिवाणी न्यायालयात दाद मागण्याची वाट बंद होती. सरकारी सारा माफ असलेल्या जमिनींना इंग्रजीत ‘एलिएनेटेड’ म्हणत, म्हणून पुण्याच्या या दप्तराच्या कचेरीला पुढे कित्येक वर्षे ‘एलिएनेशन ऑफिस’ असे नाव होते.

त्या खेड्यातल्या माणसाची स्थिती डोळ्यांपुढे आणा. घरात सनद आहे, शिक्का आहे, मोर्तब आहे. पूर्वजांच्या दृष्टीने कागद ‘सुद’ झालेला आहे, म्हणजे त्याचे पुढे काही व्हायचे राहिलेले नाही. आता त्याला सांगितले जाते की कागद पुरा असणे पुरेसे नाही, त्याची जोड सरकारच्या पेटीतल्या नोंदीत सापडली पाहिजे. आणि ती नोंद दंगलीत, आगीत, वाळवीत गेली असेल तर? जुन्या व्यवस्थेत कागदाचा शेवट कागदावरच होता. नव्या व्यवस्थेत तो दप्तरात गेला. माझ्या मते हा बदल भाषेच्या बदलापेक्षा खोल आहे. कमिशनला पुष्कळ बनावट सनदा सापडल्या हेही खरे, आणि मोडी वाचू शकणारे जे देशी कारकून ते काम करीत होते, त्यांच्यामुळेच पेशवे दप्तराच्या रुमालांची आजची लावणी आपल्याला मिळाली हेही खरे. तरी दक्षिण महाराष्ट्रात १८५७ च्या सुमारास जो असंतोष होता, त्यात या तपासणीचा वाटा मोठा होता, असे इतिहासकार मानतात.

शेवट कसा झाला? १८६३ मध्ये मुंबई सरकारने दोन कायदे केले, दुसरा आणि सातवा. त्यांना ‘समरी सेटलमेंट’ चे कायदे म्हणतात. इनामदाराने दरसाल ठरावीक रक्कम भरण्याचे कबूल करावे, सरकार त्याच्या हक्काच्या खोलात जाणार नाही. येथे ‘समरी’ म्हणजे गोषवारा नाही. सविस्तर चौकशीवाचून, थोडक्यात केलेला निकाल, असा त्याचा कायदेशीर अर्थ आहे. तेरीज मूळ नोंदीशी बांधलेली असे. ही ‘समरी’ मूळ नोंद बाजूला ठेवून होणारी होती. आणि इनामदारांनी ती बहुतेक ठिकाणी स्वीकारली, कारण अर्धवट लोंबकळण्यापेक्षा थोडे देऊन मोकळे होणे परवडत होते.

पत्राच्या तळाशी नाव

घरगुती आणि कचेरीच्या पत्रांत बदल हळू झाला. जुन्या पत्रात लिहिणाऱ्याचे नाव आरंभी असे : अमक्यास तमक्याचा नमस्कार अथवा आशीर्वाद, येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत असावे, विशेष. पत्र उघडताच कोणाचे ते कळे. तळाशी नावाची गरजच नव्हती. इंग्रजी पत्रात नाव तळाशी जाते आणि त्याच्या डोक्यावर नाते सांगणारी एक ओळ येते. शाळेतल्या पत्रलेखनात ती भाषांतरित होऊन आली. ‘युवर ओबीडियंट सर्व्हंट’ चे ‘आपला आज्ञाधारक’ झाले, ‘युअर्स फेथफुली’ चे ‘आपला विश्वासू’ झाले. नोकरीच्या अर्जाखाली ‘आपला कृपाभिलाषी’ लिहीत.

जुने शब्द नातेच सांगत होते, नवेही तेच सांगतात, मग फरक काय पडला? ‘हे विनंती’ हे पत्राचे नाव आहे : वर जे लिहिले ती विनंती आहे. ‘आपला विश्वासू’ हे माणसाचे वर्णन आहे. एक कागदाविषयी बोलतो, दुसरा लिहिणाऱ्याविषयी. त्यामुळे ‘जाणिजे’ लिहिणारा अधिकारी खरोखर हुकूम देत असे, तर ‘आपला आज्ञाधारक’ लिहिणारा इंग्रज कलेक्टर कोणाचीही आज्ञा धरीत नसे. मराठी शिक्षकांनी या ओळी मुलांकडून घोकून घेतल्या, पण घरच्या पत्रांत लोकांनी आपले जुनेच चालवले. ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’ हे वाक्य पोस्टकार्डाच्या जमान्यात घरोघरी होते. त्याखाली इंग्रजी धर्तीने नाव येई. ही सरमिसळ कोणी ठरवून केली नाही आणि ती चांगली टिकली.

इंग्लंडमध्येही मुद्रेचा मान असाच उतरत गेला. ‘साइन्ड, सील्ड अँड डिलिव्हर्ड’ हा तिथल्या दस्तऐवजांचा वाक्प्रचार आपल्या शिक्कामोर्तबाचा जवळचा नातलग आहे. सही केली, मुद्रा लावली, हाती दिला, म्हणजे दस्त पुरा. व्यक्तीने करून द्यायच्या दस्तावर मुद्रा हवीच ही अट तिथे १९८९ च्या कायद्याने काढून टाकली. वाक्प्रचार मात्र लोक वापरतातच.

आता आजचा एखादा शासन निर्णय वाचायला घ्या. महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय आणि १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम आल्यावर कचेरीची मराठी नव्याने घडली. तिच्यात ‘जाणिजे’ नाही, ‘मोर्तब’ही नाही. पण मजकूर संपला की एक ओळ न चुकता येते : महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने. ती शोभेची नाही. संविधानाच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्याचे आदेश राज्यपालांच्या नावाने काढावे लागतात, आणि ठरवलेल्या रीतीने साक्षांकित केलेला आदेश राज्यपालांनी काढलेलाच नाही अशी हरकत घेता येत नाही. तिच्या आधी आदेशाचा संकेतांक दिलेला असतो आणि तो डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केल्याचे लिहिलेले असते. डिजिटल स्वाक्षरीची युक्ती अशी की साक्षांकनानंतर मजकुरात एक अक्षर जरी बदलले तरी पडताळणी फसते. शेवटच्या ओळीपुरतेच नव्हे, ‘धरावे’ मधल्या ‘ध’ वरही आता कुलूप आहे.